रात्रीचा खिमा, सकाळचा पाव
मटणवाल्या चाचांना एवढंच सांगते, ‘अर्धा किलो, सुरीनेच बारीक करा, थोडी चरबी राहू द्या.’ खिमा चाळणीत धुऊन पूर्ण निथळवा. पाणी राहिलं की तो परतला जात नाही, नुसता उकडतो. माझा पहिला खिमा असाच फसला होता. २ कांदे लालसर झाले की आलं-लसूण, हळद, दीड चमचा मालवणी मसाला, मग खिमा. आच मोठीच ठेवा. सुटलेलं पाणी आटून कडेला तेल दिसलं, तळाशी चर्रर्र वाजलं, की टोमॅटो, मीठ, अर्धी वाटी गरम पाणी. कुकरच्या ३ शिट्ट्या. मटार नंतरच, नाहीतर लगदा. उरलेला खिमा सकाळी पावासोबत, वर कच्चा कांदा, लिंबू. नवरा त्यात अंडं फोडतो. फोडू दे.