कोड न लिहिता ॲप बनवताय? मग या चुका टाळा

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एखाद्या मशीनचं पॅनेल उघडा. आतला पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) बहुधा ‘लॅडर’ या चित्रभाषेवर चाललेला असतो: दोन उभ्या रेषा, मध्ये आडव्या पायऱ्या, पायरीवर कॉन्टॅक्ट (म्हणजे अटी) आणि टोकाला कॉइल (म्हणजे आउटपुट). अमेरिकेत १९६८ च्या सुमारास मोटारींच्या कारखान्यांना रिलेची (विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचांची) पॅनेलं नकोशी झाली, त्यातून पीएलसी आला. त्याचा प्रोग्रॅम मुद्दाम रिलेच्या वायरिंगच्या नकाशासारखा ठेवला, कारण तो वाचणारा माणूस इलेक्ट्रिशियन होता. आपल्याकडचे आयटीआय झालेले मेंटेनन्सवाले हे चित्र रोज वाचतात आणि रात्रपाळीत दुरुस्तही करतात. त्यामुळे ‘ठोकळे आणि तारा जोडणं म्हणजे खरं प्रोग्रॅमिंग नव्हेच’ असं कॉलेजच्या कट्ट्यावर कुणी म्हणालं, तर त्याला एकदा फाउंड्रीत फिरवून आणावं.

पण दुसऱ्या टोकाचे लोकही कमी नाहीत. ‘आता कोडरची गरजच नाही भावा, सगळं ओढून-सोडून होतंय’ असं म्हणत ते अख्खं गोडाऊन, पगार आणि जीएसटी एका मोबाइल ॲपवर टाकायला निघतात. माझं मत असं की ही साधनं कामाची आहेत, पण त्यांनी वाचतं ते फक्त टायपिंग आणि स्वल्पविराम-कंसांची कटकट. डेटा कुठे ठेवायचा, आधी काय घडायचं, चुकलं तर काय करायचं, हे ठरवणं तसंच उरतं. खालच्या बहुतेक चुका तिथूनच येतात.

पायरी हिरवी दिसते, पण मोटर चालू होत नाही

लॅडरमधली ही सगळ्यात जुनी चूक. एकच कॉइल दोन पायऱ्यांवर लावलेली असते. वरच्या पायरीत अट पूर्ण होते, स्क्रीनवर ती हिरवी दिसते, तरी आउटपुट बंदच. कारण चित्रात सगळ्या पायऱ्या एकाच वेळी दिसत असल्या, तरी पीएलसी त्या वरून खाली एकेक करून तपासतो, आणि त्या फेरीत (स्कॅनमध्ये) शेवटची पायरी जे सांगेल ते आउटपुटला जातं. खाली कुणीतरी ‘मॅन्युअल मोड’साठी तीच कॉइल पुन्हा लावली असेल, तर वरची मेहनत वाया.

सॉफ्टवेअरमध्ये क्रॉस रेफरन्स काढा आणि ती कॉइल किती ठिकाणी लिहिली जाते ते बघा. उत्तर एकच असायला हवं. ऑटोच्या आणि मॅन्युअलच्या अटी वेगवेगळ्या मेमरी बिटांवर घ्या, आणि शेवटी ते दोन्ही बिट समांतर जोडून एकाच कॉइलला द्या.

नोड-रेड या ठोकळे (नोड) तारांनी जोडायच्या साधनात ही गफलत वेगळ्या रूपात भेटते. एका नोडमधून दोन तारा काढल्या की दोन्ही वाटांनी मेसेज जातो. पण वरची वाट आधी संपेल असं धरून खालच्या वाटेवर त्याच आकड्याचा हिशेब केला, तर कधी जुळतं, कधी नाही. दोन्ही उत्तरं हवीत तर मेसेज एकत्र करणारा जॉइन नोड लावा. एक दुसऱ्यावर अवलंबून असेल तर एकाच तारेत एकामागोमाग बसवा. ‘आलटून-पालटून बिघडतंय’ अशी तक्रार आली की मी आधी या फाट्यांकडे बघतो.

दूध संस्थेचं दरपत्रक ठोकळ्यांत कोंबणं

गावोगावच्या दूध संस्थांसाठी हौशी पोरं ॲप बनवतात, आणि ते चांगलंच आहे. पण फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) यांवरून दर काढायचा म्हटलं की ‘जर-तर’चे ठोकळे एकात एक घालत बसतात. गायीच्या दुधाला फॅट ३.० ते ५.० आणि एसएनएफ ८.० ते ९.० एवढंच धरलं, तरी ०.१ च्या टप्प्यानं २१ ओळी आणि ११ रकाने होतात. म्हणजे २३१ दर. ते ठोकळ्यांत बसवले की स्क्रीन सरकवता सरकवता बोट दुखतं, आणि दर बदलला की पुन्हा सगळं उकलायचं. सचिवांना ते जमणार नाही, बनवणारा पोरगा तोवर पुण्याला नोकरीला लागलेला असतो.

दरपत्रक तक्त्यातच राहू द्या. शीटमध्ये किंवा यादीत ठेवा आणि ॲपनं फक्त तिथून दर शोधावा. ठोकळे दहा-बारा उरतात, आणि दर बदलला की शीट बदलली की झालं.

इथे आणखी एक खोच आहे. दोन चाचण्यांची सरासरी काढली की फॅट कधी ३.५ ऐवजी ३.४९९९९ असा येतो. दिसताना ३.५ दिसतो, पण ‘बरोबर ३.५ आहे का’ विचारलं तर ठोकळा ‘नाही’ म्हणतो. शेतकऱ्याला खालचा दर लागतो आणि संस्थेत आवाज चढतो. आकड्याला दहानं गुणा, जवळच्या पूर्णांकाला राउंड करा (नुसते दशांश कापू नका) आणि ३५, ८५ असेच शोधा. हा दोष ठोकळ्यांचा नाही, संगणक दशांश साठवतो त्या पद्धतीचा आहे. लिहिलेल्या कोडमध्येही तो तसाच चावतो.

‘माझ्या मोबाइलवर एंट्री दिसते, सायबांच्या नाही’

ॲप इन्व्हेंटर या ठोकळ्यांतून मोबाइल ॲप बनवायच्या साधनात टायनीडीबी नावाचा घटक असतो. वापरायला सोपा, म्हणून सगळे तोच ओढतात. पण तो डेटा त्या एकाच फोनमध्ये ठेवतो. मोल्डिंगवाल्यानं आपल्या फोनवर हीट नंबर (वितळलेल्या धातूच्या खेपेचा क्रमांक) आणि रिजेक्शन भरलं, तर ते ऑफिसात पोचणार नाही, आणि ॲप काढून टाकलं की नोंदीही गेल्या. दोन माणसांना एकच माहिती बघायची असेल तर पहिल्या दिवसापासून क्लाउडवरची जागा निवडा.

शीटवरून ॲप बनवणाऱ्या ॲपशीटमध्ये उलटा घोळ होतो. डेटा सगळ्यांना दिसतो, पण ओळखीसाठी ओळीचा क्रमांकच धरलेला असतो. मग कुणीतरी शीट तारखेनुसार लावतो किंवा मधली ओळ उडवतो, आणि एका चलनाची दुरुस्ती दुसऱ्याच चलनावर जाऊन बसते. प्रत्येक नोंदीला स्वतःचा न बदलणारा क्रमांक द्या.

नोड-रेडवर उत्पादनाचा काउंटर केला असेल आणि लाइट जाऊन आली की शून्यापासून मोजत असेल, तर मशीनला शिव्या देऊ नका. तिथले कॉन्टेक्स्टमधले (पुढे वापरायला लक्षात ठेवलेले) आकडे मुळात मेमरीतच असतात. सेटिंग्जच्या फाइलमध्ये ते डिस्कवर ठेवायला सांगावं लागतं. सांगितलं तरी लिहिणं साधारण ३० सेकंदांनी होतं, तेव्हा शेवटचे काही नग चुकू शकतात, हे सुपरवायझरला आधीच सांगून ठेवा.

लपवलं म्हणजे कुलूप लावलं असं समजणं

ॲपशीटच्या स्लाइसनं (निवडक नोंदींच्या तुकड्यानं) एखादी यादी दाखवायची नाही असं ठरवता येतं. ती दाखवण्याची सोय आहे, सुरक्षेची नाही. कामगारांचे पगार खरंच दुसऱ्याच्या फोनवर जाऊ नयेत तर सिक्युरिटी फिल्टर लावा. नोड-रेड तर बसवल्या बसवल्या १८८० पोर्टवर पासवर्डशिवाय उघडं असतं. तोच पोर्ट बाहेरच्या इंटरनेटला जोडून ‘घरबसल्या मशीन बघतो’ म्हणणारे लोक आहेत. बाहेरचा माणूस नुसता बघणार नाही, तो तारा बदलूही शकतो.

स्क्रीनभर शेवया

पीटर डॉइश या संगणकतज्ज्ञाच्या नावावर एक टोमणा खपतो: चित्रांच्या भाषेत एका वेळी पन्नासाहून जास्त घटक स्क्रीनवर मावत नाहीत. अर्धी गंमत असली तरी पन्नाशी ओलांडली की थांबून बघण्याजोगं असतं. लॅबव्ह्यू या मोजमाप-चाचणीच्या चित्रभाषेत सबव्हीआय, नोड-रेडमध्ये सबफ्लो, लॅडरमध्ये फंक्शन ब्लॉक, प्रत्येकाकडे तुकडा बाजूला काढायची सोय आहे. ती वापरा आणि तुकड्याला नाव द्या. ‘फंक्शन ७’ हे नाव नव्हे.

तरीही गुंता सुटत नसेल तर तेवढाच भाग लिहून काढा, लाजायचं कारण नाही. पीएलसीच्या भाषांचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६११३१-३, पहिल्यांदा १९९३ मध्ये आलं तेव्हाच त्यात लॅडर आणि फंक्शन ब्लॉकच्या बरोबरीनं स्ट्रक्चर्ड टेक्स्ट ही लिहायची भाषा होती. इंटरलॉक (एक चालू असताना दुसरं अडवणाऱ्या अटी) लॅडरमध्ये, आकडेमोड टेक्स्टमध्ये अशी वाटणी कितीतरी मशीनवर सुखानं चालते. वाद घालणाऱ्यांनी ती एकदा बघावी.

मुलांच्या बाबतीत पालक विचारतात, स्क्रॅच (मुलांसाठीची ठोकळ्यांची भाषा) किती दिवस? वयावर जाऊ नका, प्रोजेक्ट उघडून बघा. स्क्रॅचमध्ये स्वतः बनवलेला ब्लॉक उत्तर परत देत नाही. मग मूल ‘उत्तर’ नावाचा व्हेरिएबल करतं, पुढे ‘उत्तर२’, ‘उत्तर३’. असे दिसू लागले की पायथन ही लिहायची भाषा दाखवायला हरकत नाही. त्याआधी घाईनं स्क्रॅच सोडवलं तर मूल कंसातच अडकतं.

जुनी प्रत नाही, बाहेर पडायची वाट नाही

बदल करण्याआधी एक्स्पोर्ट घ्या, नावात तारीख घाला. ॲप इन्व्हेंटरमधून एआयए फाइल (ठोकळ्यांसकट अख्खा प्रोजेक्ट) उतरवा. नुसती एपीके (फोनवर बसवायची फाइल) ठेवली तर ॲप चालेल, पण ठोकळे परत मिळणार नाहीत. नोड-रेडचा फ्लो (नोड-तारांचं चित्र) जेसन या मजकुराच्या फाइलमध्ये उतरतो, पण त्यात नोडची जागाही नोंदलेली असते. त्यामुळे दोन प्रती ताडताना नुसता सरकवलेला नोडही ‘बदल’ म्हणून दिसतो. नीटनेटकं मांडणं आणि तर्क बदलणं एकाच दिवशी करू नका.

आणि सेवा बंद पडू शकते. गुगलचं ॲप मेकर हे असंच ॲप बनवायचं साधन जानेवारी २०२१ मध्ये बंद झालं. डेटा काढून घेता आला, पण तर्क दुसरीकडे जसाच्या तसा हलवायची सोय नव्हती, ॲप नव्यानं बांधावं लागलं. म्हणून ॲप कारखान्यात लावायच्या आधी त्यातले नियम साध्या मराठीत एका कागदावर उतरवून घ्या: कुठली नोंद कोण करतो, कुठल्या आकड्यावर काय अडतं, कुणाला मेसेज जातो. तो कागद पॅनेलच्या दारात, वायरिंगच्या नकाशाशेजारी ठेवा, आणि एक प्रत ऑफिसात.