वादळाआधीचे कागद: सामाईक सातबारावरील बागायतदाराने नुकसानभरपाईचा हक्क कसा राखावा

सरकारी मदतीचे निकष ठरवताना डोळ्यांसमोर असतो तो एका नावाचा सातबारा आणि सपाट शेताचा एकसलग तुकडा. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या लहान बागायतदाराकडे या दोन्ही गोष्टी क्वचितच असतात. आजोबांच्या नावाखाली दहा-पंधरा वारस, त्यांतील निम्मे मुंबईत, आणि बाग राखणारा एकच भाऊ, अशी आपल्याकडची स्थिती आहे. जून 2020 मध्ये निसर्ग आणि मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने बागा झोपवल्या, त्यानंतर मदतीसाठी धावाधाव करताना हे प्रकर्षाने जाणवले. म्हणून पुढील कामे हंगाम शांत असतानाच उरकावीत.

सर्वांत आधी वारस नोंद पाहावी. मयत खातेदाराचे नाव सातबारावर तसेच राहिले असेल, तर तलाठी कार्यालयात मृत्यूचा दाखला आणि वारसांच्या तपशिलासह अर्ज करून फेरफार घालून घ्यावा. त्यानंतर सहहिस्सेदारांचे संमतीपत्र तयार करावे. त्यात गट क्रमांक, क्षेत्र, बाग प्रत्यक्ष कोण कसतो आणि मदतीची रक्कम कोणाच्या खात्यावर जमा व्हावी, हे स्पष्ट लिहावे. चाकरमानी मंडळी गणपतीला घरी येतात तेव्हाच या सह्या होतात. एरवी एकेका सहीसाठी डोंबिवली-विरारच्या खेपा घालाव्या लागतात आणि तोवर मदतीची यादी बंद झालेली असते. घरात एकमत असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करणे हा अधिक पक्का मार्ग आहे.

दुसरी अडचण पोटखराब्याची, म्हणजे सातबारावर लागवडीस अयोग्य नोंदलेल्या जमिनीची. कातळ फोडून, खड्ड्यांत माती भरून लावलेली हापूसची कलमे पंधरा-वीस वर्षे फळ देत असतात आणि सातबारा मात्र ती जमीन लागवडीस अयोग्य म्हणतो. पोटखराबा वर्ग ‘अ’ मधील जमीन प्रत्यक्ष लागवडीखाली आणली असेल, तर ती लागवडीयोग्य क्षेत्रात घेण्याची तरतूद आहे. त्यासाठी स्थळपाहणीची मागणी करणारा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. त्याचबरोबर ई-पीक पाहणीच्या ॲपवर बागेत उभे राहून छायाचित्रासह आंबा, काजू, नारळ यांची नोंद दरवर्षी करावी. सातबाराच्या बारा नंबरात, म्हणजे पीक नोंदीत झाड नसेल, तर पंचनाम्यात ते दाखवणे फार जड जाते.

वादळ झाल्यावर पडलेले झाड लगेच तोडू नये. वाट मोकळी करणे भाग असेल, तर आधी प्रत्येक झाडाचे मुळांसकट छायाचित्र घ्यावे, बुंध्याचा घेर मोजावा आणि कलम की रायवळ (कोयीपासून वाढलेले), अंदाजे वय, उन्मळले की फांद्या मोडल्या, अशी झाडनिहाय यादी करून तिची प्रत पंचनाम्याला जोडण्याचा आग्रह धरावा. मदतीसाठी नुकसान किमान 33 टक्के असावे लागते. म्हणून सही करण्यापूर्वी बाधित क्षेत्र आणि टक्केवारीचे रकाने नीट वाचावेत, कोरे असतील तर भरून घ्यावेत आणि आकडा मान्य नसेल, तर सहीखालीच हरकत लिहावी. लाभार्थ्यांच्या यादीत नाव आल्यावर विशिष्ट क्रमांक मिळतो. आधार प्रमाणीकरण मागितले असेल, तर तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात ते करून घ्यावे.

झाडनिहाय यादीचा आग्रह का, हे साध्या हिशेबाने कळते. केंद्र सरकारच्या 2022 ते 2026 च्या निकषांत बहुवार्षिक पिकांना, म्हणजे फळझाडांसारख्या पिकांना, हेक्टरी 22,500 रुपये ठरवले होते, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. जुन्या पद्धतीने दहा-दहा मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी शंभर कलमे बसतात. म्हणजे एका कलमाला 225 रुपये आले. निसर्ग वादळानंतर राज्याने फळबागांसाठी हेक्टरी 50,000 रुपये दिले, तरी कलमामागे 500 रुपयेच होतात. एका पिढीने वाढवलेल्या झाडाची ही किंमत अन्यायाची आहे, आणि मदत झाडामागे मिळावी ही कोकणची मागणी म्हणूनच रास्त आहे. ती एकट्याने मांडून भागणार नाही. गावातील सर्व याद्या एकत्र करून ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि तो तहसीलदार व जिल्हाधिकारी दोघांकडे पाठवावा.

फळपीक विम्याचे गणित वेगळे आहे. तेथे सहसा तुमच्या बागेतील नुकसान पाहिले जात नाही. महसूल मंडळातील हवामान केंद्राने नोंदवलेला पाऊस, तापमान आणि वारा यांवर भरपाई ठरते. खाडीकाठचे केंद्र आणि सड्यावरची (कातळपठारावरची) बाग यांचे हवामान एक नसते. त्यामुळे केंद्र कोठे आहे हे विमा भरण्यापूर्वी पाहून ठेवावे आणि नोंदी चुकीच्या वाटल्यास मंडळातील बागायतदारांनी एकत्रितपणे जिल्हा तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार करावी.

पंचनाम्याची प्रत, लाभार्थ्यांची गावनिहाय यादी आणि हवामान केंद्राच्या दैनंदिन नोंदी माहिती अधिकार कायदा 2005 खाली मागता येतात. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे आणि तारखांसह नेमकी कागदपत्रेच मागावीत, कारणे विचारू नयेत. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढील तीस दिवसांच्या आत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांकडे अपील करावे.