दगडाची कठीणता तपासताना या चुका टाळा

काचेवर चरा उमटला की "हिरा सापडला!" म्हणून फोटो पाठवणाऱ्यांचा मला आता खरंच वीट आलाय. अरे बाबांनो, मोह्स स्केलवर, म्हणजे खनिजांच्या कठीणतेच्या एक ते दहा क्रमात, काच साधारण साडेपाच आणि आपली साधी गारगोटी (क्वार्ट्झ) सात, त्यामुळे काच कापायला हिरा कशाला लागतोय, गारगोटी कापते, टोपाझ कापतो, पुष्कराज (पिवळा सफायर) कापतो. दगड काचेपेक्षा कठीण आहे, एवढंच त्यातून कळतं.

ओळखीतल्या एका पोराला खडी क्रशरजवळ सहा बाजूंचा टोकदार पारदर्शक स्फटिक मिळाला. खिडकीच्या काचेवर ओढला, चरा पडला. मग साहेबांना वाटलं कन्फर्म करूया, म्हणून मावशीच्या अंगठीतल्या सव्वापाच रत्तीच्या पुष्कराजावर ओढला, तर तिथेही चरा! पुष्कराज नऊ, त्याला कापणारा दहा, म्हणजे हिराच, असा सरळ हिशोब लावून गडी माझ्याकडे पेढे घेऊन आला. मी म्हटलं आधी तुझ्या दगडाचं टोक दाखव. भिंगातून बघितलं तर तेही घासलं गेलेलं. दोघांनी एकमेकांना ओरबाडलंय म्हणजे दोघांची कठीणता साधारण सारखीच. सोनाराकडून खडा सुटा करून आणला, दोन्हींची घनता काढली, दोन्ही 2.65 च्या आसपास. पोराचा हिरा गारगोटी निघाला आणि मावशीचा पुष्कराज सुनेला, म्हणजे पिवळा क्वार्ट्झच. मावशी खडा विकणाऱ्याला सोडून पोरावरच चिडली.

म्हणून सांगतो, पैलू पाडलेल्या खड्यावर चरा टेस्ट करूच नका, खरा निघाला तरी नुकसान तुमचंच. मी काय करतो, 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घेतो, त्यावर पाण्याचा कप ठेवून शून्य करतो आणि सुटा खडा दोऱ्याला बांधून तळाला न टेकवता बुडवतो. आकडा जेवढा वाढेल त्याने खड्याच्या वजनाला भागायचं, झाली घनता. एक ग्रॅमचा खरा पुष्कराज 0.25 ने वाढवतो, सुनेला 0.38 ने. पाच मिनिटांचं काम आहे, पण लोकांना तेवढाही धीर नसतो.

दुसरी डोक्यात जाणारी चूक म्हणजे भुकटीलाच चरा समजणं. मऊ दगड कठीण दगडावर घासला की स्वतःच झिजतो आणि पांढरी रेघ सोडतो. गारगोटीवर चाकू ओढा, करडी चकचकीत रेघ येईल, ती चाकूच्या पोलादाची. आणि लोक ती चाकूने पडलेला चरा समजून लिहून मोकळे, "पाचपेक्षा मऊ, बहुतेक कॅल्साइट." ओल्या अंगठ्याने रेघ पुसा, मग नख आडवं फिरवा. नख अडकलं तर चरा, नाहीतर नाही. मी उलटंही करून बघतो, दुसऱ्याने पहिल्याला, आणि दोन्ही कडा भिंगाखाली घेतो.

स्कोलेसाइट नावाच्या खनिजाच्या सुयांच्या झुपक्यावर टेस्ट करू नका, सुया मोडतात आणि दगड मऊ वाटतो. कुजलेल्या, पिवळट पडलेल्या पृष्ठभागावरही नको, ताजी फुटलेली बाजू शोधा.

नऊ आणि दहा शेजारी दिसतात म्हणून हिरा माणकापेक्षा जरासाच कठीण असं समजू नका. 1812 मध्ये मोह्स या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने फक्त कोण कोणाला ओरखडतो याचा क्रम लावला, मधली अंतरं मोजलीच नाहीत. प्रत्यक्षात हिरा कितीतरी पट पुढे आहे. पण तोच हिरा हातोडीने फुटतो, तेव्हा "खरा असेल तर फुटणार नाही" असं म्हणणाऱ्याच्या हातात हातोडी देऊ नका.

कायनाइट नावाचा दगड तर भल्याभल्यांना फसवतो. भंडाऱ्याकडचा निळसर पात्यांचा तुकडा घ्या, लांबीच्या दिशेने चाकू चालतो, आडवा ओढला की चालत नाही. एकाच दगडाचे दोन आकडे, साधारण पाच आणि साधारण सात, आणि दोन्ही बरोबर, त्यामुळे नोंदीत दिशा लिहा.

आणि ते पुस्तकातलं तांब्याचं नाणं शोधत बसू नका, खिशातली नाणी आता स्टीलची नाहीतर मिश्रधातूंची आहेत. जुन्या वायरमधली जाड तांब्याची तार सोलून घ्या, तीनच्या आसपासचं काम तिच्यावर भागतं.