सुखसोयी कमी करताना काय सोडावे, काय राखावे

साधेपणाने राहायचे ठरवल्यावर बहुतेक जण आधी डोळ्यांत भरणाऱ्या वस्तू सोडतात आणि थोड्याच दिवसांत पुन्हा पहिल्या वळणावर येतात. त्याऐवजी आठवडाभर वापरलेल्या सोयींची यादी करावी आणि प्रत्येकीपुढे, ती नसल्यास शरीराचे वा कामाचे नुकसान होते की केवळ चुटपुट लागते, हे लिहावे.

हे अंदाजाने ठरवू नये, कारण अंगवळणी पडलेली सोय गरजच भासू लागते. नव्या सुखाला आपण लवकर सरावतो आणि समाधान पूर्वीच्याच पातळीवर येते, असे ब्रिकमन आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये मांडले होते. म्हणून प्रत्यक्ष करून पाहावे. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने मित्राला सुचवले होते की, अधूनमधून काही दिवस मोजक्या, स्वस्त अन्नावर आणि जाड्याभरड्या वस्त्रांत काढावेत, आणि मग याचीच भीती वाटत होती का, असे स्वतःला विचारावे. (सेनेका स्वतः गडगंज श्रीमंत होता, सल्ला मात्र त्यामुळे खोटा ठरत नाही.)

एका वेळी एकच सोय बंद करावी, अन्यथा त्रास कशामुळे झाला हे कळत नाही. पहिल्या काही दिवसांची अस्वस्थता हिशेबात धरू नये. त्यानंतरही मन दिवसभर त्याच वस्तूभोवती घोटाळत असेल, तर ती खुशाल परत घ्यावी. जो त्याग सोयीपेक्षा अधिक लक्ष खातो, तो माझ्या मते निरुपयोगी आहे.

काही गोष्टींना हात लावू नये. प्रौढांना रोज किमान सात तास झोप हवी. थंडीत घरातील तापमान १८ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. अति खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्यालाही योग साधत नाही, असे गीतेच्या सहाव्या अध्यायातही म्हटले आहे.

सर्वांत दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे आपल्या संयमाचा भार कोणावर पडतो. कपडे धुण्याचे यंत्र आपण काढून टाकले आणि कपडे मात्र घरातील दुसरीच व्यक्ती धूत राहिली, तर आपण काहीच सोडलेले नसते. म्हणून सामायिक सोय बंद करण्यापूर्वी ती सर्वाधिक वापरणाऱ्याची संमती घ्यावी, आणि वाढणारे काम स्वतःकडे घेण्याची तयारी नसल्यास ती सोय यादीतून वगळावी.