कळसूबाई: एका दिवसाची चढाई

महाराष्ट्रातील सर्वांत उंच, म्हणजे १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर मित्रमंडळींसह एका दिवसात चढून उतरायचे असेल, तर पायथ्याच्या बारी गावातून उजाडताच निघावे, कारण ऊन तापल्यावर वरच्या उघड्या कातळावर सावली अशी मिळत नाही. चढायला साधारण तीन ते चार तास लागतात. त्यामुळे प्रत्येकाने आपले तीन लिटर पाणी आपल्याच पाठीवर घ्यावे. चालीचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याने ठरवावा, मग उत्साही मंडळींनी कितीही कुरकुर केली तरी चालेल.

खरी काळजी घ्यायची ती लोखंडी शिड्यांवर. पुढचा माणूस चार पायऱ्या वर गेल्यावरच, दोन्ही हातांनी कठडा धरून पाय टाकावा. उभ्या शिडीवरून उतरतानाही तोंड शिडीकडेच असावे. पावसाळ्यात बुटांचा चिखल पायऱ्यांवर साचून पाय सटकतो, म्हणून तेव्हा मोबाईल पिशवीतच बरा.

माथ्यावर देवीचे छोटेसे देऊळ आहे आणि हवा स्वच्छ असल्यास पश्चिमेला अलंग, मदन व कुलंग हे किल्ले ओळीने दिसतात. तेथे डबे उघडावेत, मात्र अंधारापूर्वी बारीत पोहोचता येईल अशा बेताने उतरायला लागावे.