सल्ला सिग्नलनंतर
इंदूरात राजवाड्याहून विजयनगरला निघालं की मागच्या सीटवरून सल्ले सुरू. ‘गल्लीतून घाल गं, लवकर पोचू!’ आमचे काका त्यात पटाईत. मी म्हणते, ‘काका, सिग्नल सुटल्यावर सांगा.’ तोवर निम्मे सल्ले ते स्वतःच विसरतात.

मागचा गाडीवाला हॉर्नवर बसला असेल, तर हिशेब आठवा: ताशी 40 ऐवजी 50 ने पळवली तरी किलोमीटरमागे वाचतात जेमतेम 18 सेकंद. तेवढ्यात पोह्यांवर जीरावन मसालासुद्धा भुरभुरून होत नाही! आणि 40 वरही गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. म्हणून पुढची गाडी खांब ओलांडताच ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणा. त्याआधी तुम्ही खांबाशी पोचलात, तर फार जवळ आहात. मध्ये कुणी स्कूटी घातलीच, तर घालू द्या. पुन्हा मोजा.