भोसरीत वर्कशॉप आहे, जहाजाचं काम कसं धरायचं?

पुण्याला समुद्र नाही, मग जहाजाशी आपला काय संबंध, असं भोसरी-चाकणला सगळे म्हणतात. पण गोदीत हल (जहाजाचा सांगाडा) कापून जोडतात, बाकी इंजिन, पंप, व्हॉल्व्ह, केबल असा निम्म्याहून जास्त माल बाहेरूनच येतो, आणि आपण मागे पडतो ते तिथंच. जगातली ९० टक्क्यांच्या वर जहाजं टनेजच्या हिशोबात चीन, कोरिया, जपानमध्ये बनतात, आपला वाटा १ टक्कासुद्धा नाही, कारण त्यांचे सप्लायर घरचे आणि आपला बराचसा माल इम्पोर्ट. आता केंद्राने सप्टेंबर २०२५ मध्ये जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींचं पॅकेज मंजूर केलंय, आणि त्याआधी एप्रिलमध्ये ६ मेगावॉटचं मरीन डिझेल इंजिन डेव्हलप करायला नौदलाने आपल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सला घेतलंय, म्हणजे दार उघडं आहे.

सुरुवात पाइप स्पूल (फिटिंग जोडून तयार केलेले पाइपचे तुकडे), फ्लँज (पाइप बोल्टने जोडायच्या चकत्या), पंपाचे फाउंडेशन असल्या गोष्टींपासून करा, थेट इंजिनच्या पार्टवर उडी नको. ऑटोत एकच पार्ट लाखभर काढायची सवय असते, इथं ४० स्पूल आणि ४० वेगळी ड्रॉइंग, त्यामुळे सेटिंगचा वेळ धरून रेट द्या नाहीतर तोट्यात जाल.

सगळ्यात जास्त लोक कागदावर मार खातात. ऑर्डर घेताना आधी विचारा क्लास कुठला, म्हणजे जहाज तपासून पास करणारी संस्था कुठली, आपल्याकडे बऱ्याचदा पवईचं इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग असतं. मग मटेरियलचं सर्टिफिकेट ३.१ चालेल का ३.२ लागेल ते विचारा, ३.२ वर स्टील मिलच्या सहीसोबत बाहेरच्या इन्स्पेक्टरची पण सही लागते आणि ते नंतर मिळवताना नाकी नऊ येतात. प्लेट कापायच्या आधी हीट नंबर (स्टीलच्या एका ओतणीचा नंबर) प्रत्येक तुकड्यावर पंच करायचा, सर्व्हेअर (क्लासचा तपासणारा माणूस) समोर असेल तर त्याचा शिक्का घ्यायचा, आधी कापून मग नंबर टाकू म्हटलं की तो तुकडा कितीही चांगला असला तरी भंगारात, कारण कुठल्या हीटचा हे सिद्धच करता येत नाही.

वेल्डिंगला डब्ल्यूपीएस (वेल्डिंग कसं करायचं याची लेखी पद्धत) मंजूर पाहिजे आणि वेल्डर त्या पोझिशनला पास पाहिजे, पाइपला बहुतेक ६जी (पाइप ४५ अंशात तिरका, न फिरवता वेल्ड) मागतात. सर्टिफिकेट माणसाच्या नावावर असतं, तो पोरगा दुसरीकडे गेला की नवीन माणसाची टेस्ट आली, म्हणून निदान दोघं तरी तयार ठेवा (आणि पगार वेळेवर द्या, सोपं आहे).

उद्यम रजिस्ट्रेशन असेल तर मायक्रो आणि स्मॉल युनिटला सरकारी टेंडरमध्ये ईएमडी (टेंडर भरताना ठेवायची अनामत) माफ असतो, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नाव टाका, माझगाव डॉक, गोवा शिपयार्डच्या व्हेंडर रजिस्ट्रेशनचे फॉर्म भरा, आणि ते अप्रूव्ह होईपर्यंत त्यांच्या आधीच्या मोठ्या सप्लायरकडून सबकॉन्ट्रॅक्ट घ्या. कोटेशनमध्ये सर्व्हेअरची फी, रेडिओग्राफी (वेल्डची एक्स-रेसारखी तपासणी) आणि फुकट जाणारा टेस्ट पीस वेगळ्या ओळीत लिहा.